चूक एकाची, बोनस दुसऱ्याचा

छावणी मागे टाकून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर असा दौलताबादकडे जाणारा रस्ता पाहिला की छत्रपती संभाजीनगरच्या दुचाकीस्वाराला रोज कशाकशातून वाट काढावी लागते ते कळते. एकाच डांबरावरून धुळ्याकडे निघालेले मालट्रक जातात, वेरूळ-खुलताबादच्या पर्यटकांच्या बस जातात, भाजीचे टेम्पो आणि शाळेच्या रिक्षा जातात, आणि वाळूजमधली पाळी संपवून घरी निघालेले कामगारही जातात. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि त्याला जोडणारा माळीवाड्याचा मार्ग इथून जवळ आहे. पण त्या महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. जड वाहनाला दोन रस्त्यांतून एक निवडता येतो, दुचाकीला मात्र जुनाच रस्ता, आणि त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाची सोबत. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून दुचाकी घडवतो आहे. या शहराच्या पोटापाण्याशी दुचाकीचे नाते इतके जुने आहे. त्यामुळे दुचाकीच्या विम्यातला एक छोटासा नियम इथे तपासायला घेतला तर तो हजारो घरांच्या हिशेबात बसलेला सापडतो. तो नियम म्हणजे नो क्लेम बोनस, आणि प्रश्न असा की धडक दुसऱ्याने दिली असेल तर हा बोनस कुणाचा जावा?

समजा, चौथ्या वर्षात असलेली एक मोटारसायकल पडेगावजवळ वळणाऱ्या वाहनासाठी थांबली आहे. मागून आलेल्या पिकअपला ब्रेक वेळेत लागला नाही आणि मोटारसायकल फरफटत पुढे गेली. चालकाला खरचटले. गाडीचे मागचे मडगार्ड, टेललाइट, सायलेन्सर, हँडल आणि एक फूटरेस्ट कामातून गेले. पिकअपच्या जाड बंपरला ओरखडादेखील नाही. चूक कुणाची यावर तिथे जमलेल्या दहा जणांत दुमत नाही. मोटारसायकलस्वाराकडे सर्वसमावेशक, म्हणजे बोलीभाषेत ‘फुल इन्शुरन्स’ असल्याने तो गाडी कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्ये नेतो, सर्व्हेअर पाहणी करतो, दावा मंजूर होतो. आणि पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याला दिसते की तीन वर्षे जमवलेला ३५ टक्क्यांचा बोनस शून्यावर आला आहे. हे चुकून घडलेले नसते. २००२ सालच्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये बोनसची जी पायरी ठरली, २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के, तीच आजही व्यवहारात चालते, आणि त्या पायरीची अट एकच आहे: मागच्या पूर्ण वर्षात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा झालेला नसावा, प्रलंबितही नसावा. चूक कुणाची, हा प्रश्न त्या अटीत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. हा बोनस पॉलिसीच्या ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागापुरता असतो. थर्ड पार्टी भागाच्या हप्त्यावर तो मिळत नाही आणि थर्ड पार्टी दाव्यामुळे तो जातही नाही. म्हणजे पिकअपच्या धडकेत मोटारसायकलस्वार गंभीर जखमी झाला, त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा केला आणि पिकअपच्या विमा कंपनीला लाखो रुपये द्यावे लागले, तरी पिकअपमालकाने स्वतःच्या गाडीसाठी काही मागितले नसेल तर त्याचा बोनस जागच्या जागी राहतो. त्याचा थर्ड पार्टी हप्ताही वाढत नाही, कारण तो दर सरकार ठरवते आणि तो वाहनाच्या प्रकारावर व आकारमानावर ठरतो. १ जून २०२२ पासून ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीचा १,३६६ रुपये ठरला. आयुष्यात कुणाला न धडकलेल्या चालकाला जो आकडा, तोच तीन जणांना पाडलेल्यालाही. दोन्ही नियम शेजारी ठेवले की मूळ दोष दिसतो. बोनस ही सावध चालकाला मिळणारी शाबासकी आहे असे आपण समजतो आणि एजंटही तसेच सांगतो. प्रत्यक्षात ती कंपनीकडे पैसे न मागितल्याबद्दलची सूट आहे. ज्याने धडक दिली त्याला काही मागावे लागले नाही, ज्याला धडक बसली त्याला मागावे लागले. सूट त्या हिशेबाने वाटली गेली. माझे म्हणणे असे, की हा हिशेब अन्यायकारक तर आहेच, पण ज्या कारणासाठी तो एकेकाळी मांडला गेला ते कारणही आता उरलेले नाही.

पण आधी नुकसानीचा आकार मोजू, कारण या विषयात भीती मोठी आणि आकडे अंधारात असे झाले आहे. आपल्या उदाहरणातल्या गाडीची नवी किंमत ९०,००० रुपये धरू. तीन ते चार वर्षांच्या गाडीला टॅरिफच्या कोष्टकानुसार ४० टक्के घसारा, म्हणून विम्यातली घोषित किंमत ५४,०००. मुंबई-पुण्यासारखी मोजकी महानगरे सोडून बाकी भागातल्या १५० सीसीपर्यंतच्या, पाच वर्षांच्या आतल्या दुचाकीचा जुना टॅरिफ दर १.६७६ टक्के. म्हणजे बोनसपूर्वीचा ओन डॅमेज हप्ता सुमारे ९०५ रुपये. दावा झाला नसता तर या चालकाला पुढे ४५, मग ५०, ५०, ५०, ५० टक्के सूट मिळत गेली असती. दावा झाल्याने त्याला ०, २०, २५, ३५, ४५ अशी चढण पुन्हा चढावी लागेल. फरकांची बेरीज करा: ४५, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे १२० टक्के. पाच वर्षांत मिळून एका वर्षाच्या हप्त्याच्या सव्वापटीला थोडे कमी, सुमारे १,०८६ रुपये, आणि त्यावर वस्तू व सेवा कर. २००७ पासून कंपन्यांना या हप्त्यावर स्वतःची सूट देण्याची मोकळीक आहे आणि गाडीची किंमतही दरवर्षी उतरते, म्हणून खरा आकडा बहुधा याहून कमीच निघेल.

आता दुरुस्तीचे बिल ८,००० रुपये धरा: धातूचे भाग ४,५००, प्लॅस्टिकचे २,०००, मजुरी १,५००. या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर कंपनी २५ टक्के घसारा कापते आणि प्लॅस्टिक-रबरावर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के. दुचाकीची सक्तीची वजावट १०० रुपये. म्हणजे हाती ५,७७५ येतात आणि २,२२५ खिशातून जातात. यात बोनसचे हजार-अकराशे मिळवले तर आठ हजारांच्या नुकसानीतले तेहतीसशेच्या आसपास, पाच भागांतले दोन भाग, काहीही चूक नसलेल्या माणसाने सोसले. इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, बोनस जाईल म्हणून दावाच न करणे हा दुचाकीच्या बाबतीत बहुतेकदा चुकीचा निर्णय असतो. हजाराच्या भीतीने पावणेसहा हजार सोडले जातात. दुसरी गोष्ट मला अधिक टोचते. पहिल्याच वर्षी दावा करणाऱ्याचे बोनसचे एकूण नुकसान हाच हिशेब लावला तर हप्त्याच्या ५० टक्के भरते; ५० टक्क्यांच्या शेवटच्या पायरीवर पोचलेल्याचे १२५ टक्के. ज्याने सर्वांत जास्त वर्षे काही मागितले नाही, त्याच्याकडूनच दुसऱ्याच्या चुकीची सर्वांत जास्त किंमत वसूल होते.

हे असे का झाले? विम्याचा जुना सिद्धांत तर उलट सांगतो. विमा कंपनीने ग्राहकाचे नुकसान भरून दिले की ग्राहकाचा दोषी माणसाविरुद्धचा हक्क कंपनीकडे येतो; कंपनीने त्याच्याकडून, म्हणजे त्याच्या विमा कंपनीकडून, पैसे वसूल करावेत. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स या खटल्यात हा सिद्धांत सविस्तर मांडला. तो मुद्दा मालवाहतुकीतल्या नुकसानीचा होता, पण तत्त्व तेच. मोटार विम्यात मात्र कंपन्यांनी आपसांत ‘नॉक फॉर नॉक’ नावाची समजूत करून ठेवली: दोन विमाधारक गाड्यांची टक्कर झाली तर ज्याने त्याने आपापल्या ग्राहकाचे नुकसान भरायचे, एकमेकांकडे वसुलीला जायचे नाही. यामागचे व्यवहारज्ञान समजण्याजोगे होते. १ जानेवारी १९७३ रोजी भारतातला सर्वसाधारण विमा राष्ट्रीयीकृत झाला, शंभराहून अधिक कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या आणि त्या चौघी एकाच जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या उपकंपन्या होत्या. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालण्यासाठी वकील लावण्यात काय अर्थ? पण २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, खिसे वेगळे झाले. नियमाचा मूळ आधार गेला, नियम तसाच राहिला. आणि त्याचा परिणाम असा, की वसुलीचा हक्क कंपनी स्वतःच्या सोयीसाठी सोडून देते, आणि न वसूल झालेल्या त्या दाव्याची नोंद ग्राहकाच्या नावावर चढवते. ब्रिटनमध्ये कंपनीने समोरच्याकडून पूर्ण रक्कम वसूल केली तर सहसा ग्राहकाच्या बोनसला धक्का लागत नाही. आपल्याकडे वसुलीच नाही, तर बोनस परत येण्याचे दार कुठून उघडणार?

कायद्याने दुसरे एक दार ठेवले आहे हे खरे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा करतो, आणि तो विमा माणसाच्या इजेसाठी जसा आहे तसा तिसऱ्या माणसाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठीही आहे. मोटारसायकल ही पिकअपवाल्याच्या दृष्टीने तिसऱ्या माणसाची मालमत्ताच. मोठ्या वाहनांच्या पॉलिसीत ही मर्यादा सहसा साडेसात लाख रुपये आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक लाख असते. मालकाने हप्त्यात थोडी सूट घेऊन ती ६,००० वर आणली असली तरच ती कमी होते. म्हणजे आपल्या चालकाला स्वतःच्या कंपनीकडे न जाता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पिकअपचा मालक, चालक आणि त्यांची विमा कंपनी यांच्याविरुद्ध अर्ज करून पूर्ण आठ हजार मागता येतात, घसारा न कापता, बोनस न गमावता. २०१९ च्या दुरुस्तीने ही मागणी अपघातापासून सहा महिन्यांत करण्याची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. कागदावर हे सगळे न्याय्य आहे. व्यवहारात आठ हजारांसाठी पोलीस पंचनामा, वकील, तारखा, साक्ष एवढा व्याप कुणी करत नाही. मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यात लाखो रुपये आणि कुटुंबाचे भवितव्य पणाला लागलेले असते, म्हणून माणसे वर्षानुवर्षे खेटे घालतात. वाकलेल्या सायलेन्सरसाठी पाळी बुडवून कोर्टात जाणे कुणालाच परवडत नाही. लहान रकमेला मोठे न्यायालय देणे म्हणजे जवळपास काहीच न देणे.

या युक्तिवादावर विमा व्यवसायातली माणसे जे आक्षेप घेतात ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप शब्दाचा: बोनसचे नावच ‘नो क्लेम’ आहे, ‘नो फॉल्ट’ नाही, करार स्पष्ट असताना तक्रार कसली? हे उत्तर कायदेशीरदृष्ट्या पुरेसे आहे, धोरण म्हणून नाही. ती पायरी एका समितीने २००२ साली लिहिली. कंपन्यांना दर ठरवण्याचे स्वातंत्र्य मिळून कितीतरी वर्षे झाली. करारात काय आहे हे सांगितल्याने करारात काय असावे हा प्रश्न मिटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चूक नसताना ज्याला धडक बसते तो बहुधा गर्दीच्या, धोक्याच्या रस्त्यावरून रोज जातो. म्हणून त्याला पुन्हा धडक बसण्याची शक्यता सरासरीहून जास्त, आणि विमा हा दोषाचा नव्हे तर शक्यतेचा व्यवसाय आहे. यात तथ्य आहे. पडेगावहून वाळूजला रोज जाणाऱ्याचा धोका गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत जाणाऱ्याहून जास्तच. पण तसे असेल तर तो धोका धडक बसण्यापूर्वीही होता आणि त्याच रस्त्याने जाणाऱ्या, अजून धडक न बसलेल्या शेजाऱ्यालाही आहे. मग रस्त्याचा, अंतराचा, प्रदेशाचा दर उघडपणे सगळ्यांना लावावा. टॅरिफमध्ये महानगरांचा आणि बाकी भागांचा दर वेगळा होताच. एकाच रस्त्यावरच्या दोघांपैकी ज्याच्या अंगावर पिकअप आला त्याच्याकडूनच तो वसूल करणे याला धोक्याचे मोजमाप म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. पाच-दहा हजारांच्या प्रत्येक धडकेत चूक कुणाची हे ठरवत बसलो तर चौकशीचाच खर्च दाव्याहून मोठा होईल. नॉक फॉर नॉक म्हणूनच स्वस्त आणि जलद आहे. इथे फ्रान्सचे उदाहरण कामी येते. तिथे १९७६ पासून बोनस आणि दंड यांचा एकच गुणांक राज्याने ठरवून दिला आहे. दाव्याविना गेलेल्या प्रत्येक वर्षी हप्ता ५ टक्क्यांनी उतरतो आणि तेरा वर्षांत निम्म्यावर येतो. चालकाची पूर्ण चूक असलेल्या अपघाताला तो २५ टक्क्यांनी चढतो, अर्धी चूक असेल तर साडेबारा टक्क्यांनी, आणि चूक नसेल तर जागचा हलत नाही. आणि तरीही ग्राहकाला पैसे आपल्याच कंपनीकडून लगेच मिळतात. दोन्ही चालक रस्त्यावरच एका ठरावीक नमुन्यावर अपघाताचे रेखाचित्र काढून सह्या करतात, कंपन्या आपसांत ठरवलेल्या कोष्टकावरून, म्हणजे मागून धडक, बाजूने घुसणे, उभ्या गाडीला लागणे अशा प्रकारांवरून, चूक ठरवतात आणि हिशेब आपापसांत मिटवतात. वकील नाही, न्यायालय नाही. फ्रान्सचे सगळेच आपल्याला लागू पडेल असे नाही. तिथल्या त्या गुणांकातून ८० सीसीपर्यंतच्या दुचाकी वगळलेल्या आहेत आणि आपल्या रस्त्यावर उलट दिशेने येणारे वाहन ही वेगळीच जात आहे. पण जलद भरपाई आणि चुकीची नोंद या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत हा आक्षेप मात्र तिथे जवळपास अर्धे शतक खोटा ठरत आला आहे. प्रत्येक भांडणाचा निकाल लावण्याची गरजही नाही. उभ्या गाडीला बसलेली धडक, सिग्नलला मागून बसलेली धडक, कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारी धडक, एवढ्याच प्रकरणांत बोनस राखला आणि बाकी संशयित प्रकरणांत आजचा नियम ठेवला, तरी फार मोठा अन्याय दूर होईल.

चौथा आक्षेप लबाडीचा, आणि तो आपल्याकडे हमखास काढला जातो. चूक नसलेल्याचा बोनस राखायचा म्हटले की जो तो ओळखीच्या गाडीवाल्याला पुढे करून ‘चूक त्याची’ असे लिहून आणेल. पण ही भीती आजच्या व्यवस्थेचेच लक्षण आहे. आज दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही. त्याचा बोनसही सुरक्षित आणि थर्ड पार्टी हप्ताही तोच. ज्या दिवशी चूक कबूल करणाऱ्याचा स्वतःचा हप्ता चढेल त्या दिवशी मित्रासाठी खोटी कबुली देणारे फार थोडे उरतील. म्हणून बोनस राखण्याची मागणी आणि दोषी चालकावर भार टाकण्याची मागणी एकत्रच केली पाहिजे; एक सोडून दुसरी केली तर आक्षेप खरा ठरेल. या दिशेचा विचार नियामकालाही परका नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने २०२१ मध्ये वाहतूक नियमभंगांची नोंद विमा हप्त्याशी जोडावी आणि त्याचा प्रयोग दिल्लीत करावा असे सुचवले होते. सिग्नल तोडल्याची नोंद हप्त्याशी जोडता येत असेल तर धडक दिल्याची नोंद जोडण्यात कसली अडचण?

बाजाराने स्वतःचे एक उत्तर काढले आहे: थोडा जादा हप्ता घेऊन ‘एनसीबी प्रोटेक्शन’, म्हणजे नो क्लेम बोनस राखणारे जोड-संरक्षण. त्यामुळे ठरावीक संख्येपर्यंत दावे झाले तरी बोनस टिकतो. महागड्या गाडीसाठी ते घेणे शहाणपणाचे ठरू शकते. वर काढलेल्या आकड्यांवरून शंभर-सव्वाशे सीसीच्या जुन्या गाडीसाठी त्याचा हिशेब क्वचितच जुळेल. पण न्यायाच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. दुसऱ्याच्या चुकीपासून वाचण्यासाठी मीच जादा पैसे भरायचे, आणि तेच पैसे भरलेल्या बेपर्वा चालकाचा बोनसही तितकाच सुरक्षित राहायचा, अशी ती सोय आहे.

बोनसवरून एवढे लिहायचे आणि ज्यांच्याकडे बोनसच नाही त्यांना विसरायचे, हे बरे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीच्या कागदावर पाच वर्षांची तारीख दिसते, आणि गाडी पाच वर्षे ‘फुल इन्शुरन्स’मध्ये आहे असा समज घरात पक्का होतो. पहिले वर्ष सरताच ओन डॅमेज संपतो, नूतनीकरणाशिवाय ९० दिवस उलटतात आणि जो २० टक्के बोनस मिळायचा तो एकही दावा न करता जातो. मग मागून पिकअप येतो, आणि गॅरेजमध्ये कळते की आपल्या गाडीला आपल्या कंपनीकडून एक रुपयाही मिळणार नाही. अशा माणसापुढे थर्ड पार्टी दावा हा एकच मार्ग उरतो, आणि तोच मार्ग लहान रकमांसाठी बंद असल्यासारखा. समोरच्या वाहनाचा विमाच नसला तर तोही नाही. देशात विम्याविना धावणाऱ्या वाहनांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यात दुचाकींचा वाटा सर्वांत जास्त.

या सगळ्याचा एक परिणाम पैशांपलीकडचा आहे आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. दावा केला तर बोनस जातो, चूक सिद्ध केली तरी काही मिळत नाही, हे कळले की माणूस नोंदच करत नाही. रस्त्याच्या कडेला हजार-दोन हजारांची तडजोड होते आणि दोघे निघून जातात. दोन दिवसांनी मान किंवा गुडघा दुखू लागला, तपासणीत काही निघाले, तर हातात ना पंचनामा असतो ना समोरच्या गाडीचा क्रमांक. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. प्रत्येक मोठ्या अपघातामागे नोंद न झालेल्या लहान धडका असतात, आणि कोणता फाटा, कोणते वळण, कोणता चालक पुन्हा पुन्हा धडका देतो हे त्या धडकांतूनच कळले असते.

नियम बदलेपर्यंत चालकाच्या हातात जे आहे ते थोडे पण उपयोगाचे आहे. धडकेनंतर गाड्या हलवण्यापूर्वी फोटो, समोरच्या गाडीचा क्रमांक, आणि एमपरिवहन अॅपवर त्या क्रमांकावरून तिचा विमा चालू आहे की नाही हे पाहणे. इजा झाली असेल, मग ती कितीही किरकोळ वाटो, पोलिसांत आणि दवाखान्यात नोंद. स्वतःच्या कंपनीला घटना कळवावी. दावा करायचा की नाही हे दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक आल्यावर, घसारा वजा करून, पाच वर्षांच्या बोनसच्या फरकाशी ताडून ठरवावे. समोरचा माणूस चूक मान्य करत असेल तर त्याच्याकडून ती लिहून आणि सही करून घ्यावी. पुढे कुठल्याही मार्गाने गेले तरी तो कागद लागतो. गाडी विकली तर बोनस गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो. कंपनीकडून तसे पत्र घेतले तर तीन वर्षांपर्यंत त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीला वापरता येतो. आणि कंपनी बदलताना बोनस जास्त सांगू नये. तसे करणाऱ्याचा पुढचा दावा त्याच कारणाने अडकतो.

या शेवटच्या मुद्द्यातच सुधारणेची जागा तयार आहे. ग्राहक कंपनी बदलताना बोनस सांगतो तेव्हा नव्या कंपनीने २१ दिवसांत जुन्या कंपनीला पत्र लिहून तो पडताळायचा आणि जुन्या कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचे, असा नियम टॅरिफमध्ये २००२ पासूनच आहे. मागच्या वर्षात दावा झाला का, हे त्या उत्तरात कळवायचे असते. त्याच पत्रात आणखी एक रकाना घातला, की तो अपघात कुणाच्या चुकीने झाला, तर त्यासाठी नवे कार्यालय लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. मागून आलेल्या पिकअपने थांबलेल्या मोटारसायकलला धडक दिली, हे वाक्य सर्व्हेअरच्या अहवालात आजही असतेच. ते फक्त त्या रकान्यापर्यंत पोचत नाही.